माहेरचं नाव

आई, तू गेलीस तेव्हा मी सातवीत होते. आता मी कुवेतला, सलवामधल्या एका दवाखान्यात नर्स आहे, आपल्या घरातली पहिली पदवीधर, आणि गेला महिनाभर चिडलेली आहे. कुणावर, ते लिहिता लिहिता कळेल.

आमच्या इन-चार्ज सिस्टर आयर्लंडच्या. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून त्या एक यादी घेऊन बसतात. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी त्यांच्या गावात खंड थकला की जमीनदार कुळांना घराबाहेर काढायचे. त्याविरुद्ध उठलेले पुढारी पुरुष तुरुंगात गेले, तेव्हा अठरा-वीस वर्षांच्या मुलींनी लढ्याचं काम हातात घेतलं. बेघर झालेल्यांसाठी लाकडी खोपटी उभारली, दारं उखडायला माणसं आली की उंबऱ्यात उभ्या राहिल्या, काही स्वतः तुरुंगात गेल्या. पुरुष सुटून आले आणि म्हणाले, आता घरी जा. पुरुषांच्या नावांचा दगड गावात आहेच, आता त्या मुलींच्या नावांचाही बसवायचा आहे. पण तुरुंगाच्या वहीत माहेरचं नाव आणि कबरीवर नवऱ्याचं. जुळवता जुळवता समिती कंटाळली, म्हणते, 'गावातील मुली' एवढंच कोरू. समितीला जायचं पत्र सिस्टरांनी माझ्याकडून टाइप करून घेतलं. माझं इंग्रजी पुस्तकी, पण रागाला पुरलं. पुरुषांच्या दगडावर तुम्ही 'गावातील मुलगे' असं कोरलंत का, हे वाक्य माझं. सिस्टरांनी ते तसंच ठेवलं.

टाइप करताना तुझी चूल दिसत राहते. मी तिसरीत आहे, तू भाकरी थापते आहेस. लग्नाआधी तू कोठडीत होतीस असं आत्या बोलून गेली आहे, आणि खरं का, म्हणून मी तुझ्या मागे लागले आहे. तू म्हणतेस, "भाकरीकडं बघ, करपंल." मी हटत नाही तेव्हा एवढंच सांगतेस, की गावचं गायरान लाटायला कुणी निघालं होतं, मोजणीची साखळी आली, आणि तुम्ही चौदा पोरी साखळीवर बसलात. तीन दिवस तालुक्याच्या कोठडीत. मग वर्षाच्या आत सगळ्यांची लग्नं उरकली. गायरानाचं काय झालं, मी विचारते. "हाय की अजून. शेरडं चरत्यात." तेवढ्यात भाकरी खरंच करपते आणि धपाटा मला बसतो.

गेल्या गुरुवारी इथल्या मराठी बायकांचं हळदीकुंकू होतं. मला बोलायचं होतं. ठरवणाऱ्या काकू म्हणाल्या, पाच मिनिटांत आटप हं, उखाणे राहिलेत, आणि ते आयर्लंड कशाला मध्येच, आपल्यातलं काही सांग. मी दोन्ही सांगितलं, आधी त्या मुलींचं, मग तुझं. बायकांची नावं गिळली जातात, आपण तरी ती मोठ्याने घेऊ, असं तावातावाने बोलले आणि शेवटी तुझं पूर्ण नाव घेतलं, माझ्या पासपोर्टवर आहे तसं. टाळ्या पडल्या. वाण घेताना लेकीकडे आलेल्या परभणीच्या एका आजींनी माझा हात धरला.

"पण पोरी, हे तर सासरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहित्यात. तुझ्या आईचं बदललं न्हवतं व्हय?"

बदललं होतं. साखळीवर बसलेली मुलगी वेगळ्याच नावाची होती आणि ते नाव मला माहीत नव्हतं. आजोळी सगळे तुला आक्का म्हणायचे, वडील नुसतं 'अगं'. समितीला ज्यासाठी मी फटकारलं, तेच मी माइकवर केलं. तिकडे उखाणे सुरू झाले, एकेक जण नवऱ्याचं नाव घेत होती, आणि मी हातात स्टीलची वाटी धरून उभी. राग स्वतःचा आला, आणि तुझाही. एक नाव सांगायला किती वेळ लागला असता? भाकरी तशीही करपलीच.

शुक्रवारी मामाला फोन केला. त्याने लगेच सांगितलं. तीन अक्षरं आहेत. मग म्हणाला, "तुला ठावं न्हवतं?"

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून खरं लिहिते. मी म्हणाले, ठाऊक होतं मामा, नुसती खात्री करत होते.