रस्ता कुणीच ओलांडला नाही

अल ऐन,
४ सप्टेंबर २०२५

चि. आभा हिस आईचे अ. उ. आ.

फोनवर बोललं की वेदांगच्या खोलीत ऐकू जातं, म्हणून लिहून फोटो पाठवतेय. अक्षराला हसू नकोस, तुझं नर्सचं अक्षर काही मोत्याचं नाही.

मंगळवारी भर दुपारी तुझा भाऊ टॅक्सी करून निघून गेला. अबू धाबी हायवेवर, त्याच्या गाडीचा अपघात झाला तिथेच उभा होता. कडेला नाही गं, लेनमध्ये. एका टँकरवाल्या पठाणाने दंडाला धरून ओढला आणि बाबांना फोन केला. बाबांनी बाल्कनीचं दार तारेने बांधून टाकलंय. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. मी त्याच्या दाराबाहेर गादी टाकते.

बाबा म्हणतात, कोर्टाने निकाल दिला, पुढचा ट्रक अचानक वळला, बंद पडलेली पिकअप कुणालाच दिसली नसती, मॅटर खलास. पण तिचा टायर बदलणारा अर्श आपल्या गाडीखाली गेला ना! आपल्या वेदांगच्याच वयाचा. त्याचा थोरला भाऊ यहया मुसफ्फाला वर्कशॉपमध्ये आहे. रत्नागिरीकडची माणसं, मराठीच बोलतात. वेदांगचा एकच धोशा आहे, मला त्याच्याकडे न्या. बाबा म्हणतात, तिथे त्याला फाडून खातील. नेलं तरी भीती, न नेलं तरी भीती. माझी मतीच चालेनाशी झालीय. तूच सांग.

जेवत जा वेळेवर. या घराला आता तुझाच आधार.

तुझी,
आई

आयर्लंड,
१५ सप्टेंबर २०२५

ती. आईस आभाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून ड्यूटीवर गेले आणि औषधांच्या ट्रॉलीपाशी नुसती उभी राहिले. लगेच लिहिणार होते, पण काल इथे जे पाहिलं त्यानंतरच सुचलं काय लिहायचं ते.

आमच्या गावाबाहेर एक वळण आहे. इथल्या स्वातंत्र्याच्या लढाईत, शंभरावर वर्षं झाली, गावातली पोरं तिथल्या कुंपणाआड दबा धरून बसली आणि त्यांनी पोलिसांच्या लॉरीवर गोळ्या झाडल्या. गावाचे तिघं पडले. पलीकडचा एक पोलीसही मेला. पोलीस ब्रिटिश सरकारचा, पण पोरगा शेजारच्याच गावचा, मार्टिन नावाचा. आमच्या नर्सिंग होममधल्या, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमातल्या, नोराचा तो सख्खा मामा.

दरवर्षी सप्टेंबरात त्या वळणावर गाव जमतं. बॅगपाइप वाजतात, झेंडा अर्ध्यावर उतरवून पुन्हा चढवतात, तिघांची नावं वाचतात, मग हॉलमध्ये चहा-सँडविच. नोराची आई त्या दिवशी पडदे ओढून घरात बसायची. नोराही बसली, जन्मभर. आता ती नव्वदी ओलांडलेली. तिने यंदा कार्यक्रमाच्या कमिटीला निरोप धाडला, माझ्या मामाचं नाव एकदा वाचा. पुढच्या वर्षी बघू, असं उत्तर आलं. आई, पुढचं वर्ष कुणाचं गं?

तरी ती हट्टाने निघाली. व्हीलचेअर मी ढकलली. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला, मांडीवर बागेतली फुलं घेऊन बसली. कमिटीचा डेक्लन, त्याचे आजोबा गोळ्या झाडणाऱ्यांत होते. माणूस वाईट नाही, आमच्याकडे दर आठवड्याला अंडी आणून देतो. त्याने तिला पाहिलं, टोपी काढली, दोन पावलं पुढेही आला. तेवढ्यात कुणीतरी फोटोसाठी हाक मारली आणि तो वळला. हळूहळू सगळे हॉलकडे गेले. फुलं तिच्या मांडीवरच राहिली.

परत येताना ती म्हणाली, मी हाक मारली असती तर तो आला असता. आमची दोन्ही घरं अशीच, दुसरा येईल म्हणून वाट बघत संपली. आज सकाळपासून ती भिंतीकडे तोंड करून पडली आहे, सूपसुद्धा घेत नाही.

आई, बाबांना हे दाखव. खलास काहीच झालेलं नाही. वेदांगला घेऊन जा. शिव्या देतील, दार लावतील, तरी जा. पण आत्ता जा.

बाबांना नमस्कार. दूर असले तरी मला जवळच धरा.

तुझी,
आभा

अल ऐन,
२९ सप्टेंबर २०२५

चि. आभास अ. उ. आ.

आईने तुझं पत्र मला वाचून दाखवलं नाही. माझ्यासमोर ठेवलं आणि शेजारी बसून राहिली.

एकवीस तारखेच्या रविवारी वेदांगला मुसफ्फाला नेलं. यहया वर्कशॉपच्या फाटकाशी आला. मी पाठ केलेलं सगळं विसरलो. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत माझ्या भावाजवळ कोण होतं, एवढंच त्याने वेदांगला विचारलं. मी होतो, वेदांग म्हणाला. त्यासरशी तो माणूस खालीच बसला. पोलीस, हॉस्पिटल, सगळीकडे त्याने हेच विचारलं होतं. कुणालाच ठाऊक नव्हतं. भाऊ बेवारशासारखा रस्त्यावर एकटा गेला, असंच घरचे धरून चालले होते.

वेदांग त्याच्यासमोर त्या तापलेल्या फरशीवर बसला आणि बोलला. आपल्याशी कित्येक महिन्यांत इतकं बोलला नव्हता. अर्शचं डोकं मांडीवर घेतलं होतं, पाण्याने ओठ ओले केले. वेदांग मराठीत धीर देतोय हे कळल्यावर अर्शने त्याचं बोट घट्ट धरलं. मग मरताना म्हणतात तो कलमा म्हणायला लागला. यहयाने घाबरत विचारलं, पूर्ण म्हणाला का? पूर्ण म्हणाला, वेदांगने सांगितलं, दोनदा.

माफ केलं, असं यहया बोलला नाही. तुझी गाडी त्या वेळी तिथे नसती तर, एवढं म्हणून तो थांबला. पण रत्नागिरीला आपल्या आईला, हव्वाबींना, फोन लावून त्याने वेदांगला पुन्हा सगळं सांगायला लावलं. मग पलीकडून फोन कट झाला. घरी येऊन वेदांगला उलट्या झाल्या. मला वाटलं, आभाचं ऐकून मी पोरगा घालवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हव्वाबींचाच फोन आला. पुन्हा सांग, म्हणाल्या. तेव्हापासून रोज येतो. एकदा त्यांनी वेदांगला असे तळतळाट दिले की तुझी आई उठून आत गेली. त्याने सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला नाही. मी धरून चाललो, आता बाई फोन करायच्या नाहीत.

काल तो न सांगता दाढी करून हॉलमध्ये येऊन बसला. आईने पुढे केलेली पोळी अर्धी खाल्ली. फोन वाजला. हव्वाबींनी विचारलं आणि वेदांगने पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

तुझ्या नोराबाईंना आमचा नमस्कार सांग. पोरी, असंच खडसावत जा आम्हाला.

तुझा,
बाबा (दत्तप्रसाद)