रविवारच्या वहीतली एक नोंद

बाई, उद्या शुक्रवार, माझ्या यादीचा दिवस, आणि या खेपेला यादीत तुमचं एक पोस्टकार्ड येऊन बसलं आहे. ते बघितल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. दुःखी वगैरे नाही हं, चांगली जेवते-खाते आहे, ऑफिसला जाते आहे. पण तीस वर्षांपूर्वी तुमच्यासाठी लिहायच्या वहीत मी एक नोंद खोटी लिहिली होती, ती आता चारचौघांसमोर आली आहे, आणि आली ती तुमच्या नावावर. खरं काय ते सांगून टाकायचं की आहे तसं राहू द्यायचं, हे मला उद्यापर्यंत ठरवायचं आहे. तुमच्याशी बोलल्याशिवाय ठरवणं मला बरं दिसेना, म्हणून लिहायला बसले.

आधी यादी म्हणजे काय ते सांगते, कारण तुम्ही गेलात तेव्हा यातलं काहीच नव्हतं. मी आता गुडगावला राहते, अकराव्या मजल्यावर. 'तिकडे काय आहे, नुसती सरसोंची शेतं' असं तुम्ही ज्याला म्हणाला होतात तेच गुडगाव. आमच्या सोसायटीत मराठी घरं पुष्कळ, बहुतेक पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी आलेली, आणि त्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. हल्ली अमुक कार्यक्रम कधी लागणार म्हणून घड्याळाकडे बघत बसावं लागत नाही. इंटरनेटवरून हवं ते हवं तेव्हा टीव्हीवर लागतं. पण इतकं आहे, इतकं आहे, की लोकांचा अर्धा तास शोधण्यातच जातो आणि शेवटी काही न बघताच झोपतात. त्यात संगीतावरचे माहितीपट तर विचारूच नका. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या वहिनी म्हणाल्या, बघण्यासारखा एखादा सांग ना. मी सांगितला, आणि कुठे काय ऐकायचं तेही लिहून दिलं. त्यांनी ते ग्रुपवर टाकलं, आणि तेव्हापासून दर शुक्रवारची यादी माझ्या गळ्यात पडली.

गेल्या शुक्रवारी मी तीन सांगितले. एक, हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या दोन भावांवरचा. पहिली बारा मिनिटं नुसती आगगाडी धावते आहे, तेवढ्यात भाजी चिरून घ्या. पण पुढे धाकटा भाऊ बिघडलेला एक सूर पुन्हा पुन्हा वाजवून नकारार्थी मान हलवतो, तिथे जागेवरून उठू नका. दुसरा कुठल्याशा बर्फाळ देशातल्या म्हाताऱ्यांच्या गायनवृंदावरचा. भाषा कळणार नाही, खालच्या ओळीही वाचू नका, मागच्या रांगेतल्या उंच आजोबांचा खर्ज तेवढा शोधा. तिसरा एका बँडवर. चौघं एकमेकांशी बोलत नाहीत तरी वर्षानुवर्षं एकाच बसमधून फिरताहेत. हा अर्ध्यावर सोडलात तरी बिल्कुल चालेल, रुसवेफुगवे आपल्या घरी कमी नाहीत. लोक हसतात आणि बघतात. आमच्याच मजल्यावरचे एक निवृत्त काका म्हणाले, तुमचं वाचलं की बघण्याआधीच ऐकू यायला लागतं. मला एकदम तुमचं स्वयंपाकघर आठवलं, पण मी नुसतीच हसले. ही विद्या कुठून आली ते मी इथे कधी कोणाला सांगितलेलं नाही.

आर. के. पुरमचं तुमचं पहिल्या मजल्यावरचं क्वार्टर, सरकारी पिवळ्या भिंती, दिवाणाखाली ठेवलेले दोन तानपुरे. मी सतरा वर्षांची, दोन ब्लॉक सोडून राहणारी. मुलगी दिल्लीत वाढतेय तर निदान गाणं तरी आपल्याकडचं शिकू दे, म्हणून आईने मला तुमच्याकडे घातलेलं. शिकायला तमिळ मुली होत्या, बंगाली होत्या, एक सरदारांची मुलगी होती. तुम्ही त्यांच्याशी हिंदीत बोलायचात आणि रागावलात की मराठीत, आणि ते मराठी सगळ्यांना अगदी नीट कळायचं. तेव्हा रविवारी सकाळी टीव्हीवर गायक-वादकांवरचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे माहितीपट लागत. ते बघून वहीत लिहायचं आणि वही घेऊन अकराला तुमच्याकडे यायचं, हा गृहपाठ तुम्ही फक्त मला दिला होता. मी येते तेव्हा तुमच्या घरचे काका मासळी आणायला आयएनएच्या बाजारात गेलेले असतात आणि तुम्ही गॅसपाशी शनिवारच्या पोळ्या कुस्करून फोडणीची पोळी करत असता. एका हातात उलथणं, एका हातात माझी वही. पहिल्याच नोंदीत मी 'फार छान वाजवलं' असं लिहिलं होतं. तुम्ही उलथणं कढईत ठेवलंत आणि म्हणालात, "छान म्हणजे काय गं? कुठे छान? कितव्या मिनिटाला? मला दिसलं पाहिजे, ऐकू आलं पाहिजे. हा शब्द माझ्या घरात परत आणायचा नाही." मी घरी जाऊन रडले होते. पुढच्या रविवारी तीन पानं लिहून आणली, आणि तुम्ही त्यावर आणखी दहा प्रश्न विचारलेत. तबलजी कुठल्या बाजूला बसला होता, तानपुरा मागे होता की सुराची पेटी लावली होती, म्हातारबुवा सम आली की कुणाकडे बघतात. मला वाटायचं, ही माझी परीक्षा चालली आहे.

मग एका रविवारी तो माहितीपट लागलाच नाही. त्याऐवजी क्रिकेटचा सामना दाखवत बसले. मी तेच सांगायला तुमच्याकडे आले, तर मी चपला काढायच्या आतच तुम्ही आतून विचारलंत, "छान होता ना आजचा? बस, हे एवढं उतरवते, मग सविस्तर सांग." अहो, तुमच्याच तोंडून 'छान'! मी दारातच थबकले. तुमचा टीव्ही होता तिथेच होता, त्यावरचं क्रोशाचं झाकण सरळ, वर उदबत्तीचं घर. मग एकेक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. तुम्ही आम्हाला नेहमी डाव्या हातालाच बसवायचात. तानपुरा जुळवताना भोपळ्यावर तळहात ठेवायचात. दारावरची घंटा वाजली की आमच्या माना वळल्यावर तुमची वळायची. समोर बसून गाणाऱ्याचं तुम्हाला ऐकू यायचं, पण टीव्हीतून, रेडिओतून येणारं गाणं म्हणजे नुसता गलका झाला होता, आणि तुम्ही टीव्ही लावणंच सोडलं होतं. रविवारचा कार्यक्रम तुम्ही माझ्या वहीतून ऐकत होतात. मी त्या दिवशी सामन्याचं बोलले नाही. वही घरी विसरले म्हणाले. घरी आईलाही सांगितलं नाही, कारण आईच्या कानावर गेलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या सेक्टरला कळलं असतं, आणि शिकायला कोण आलं असतं? तुम्ही ते लपवलं होतं, तर लपलेलंच राहू दे असं मी ठरवलं. त्यानंतर मात्र मी अशी लिहायला लागले, की तुम्हाला प्रश्न विचारावेच लागू नयेत. ते दिवस मला फार आवडायचे, बाई. तुम्ही वाचता वाचता मान हलवायला लागायचात, बरोबर जिथे हलवायची तिथे.

आणि मग तुमच्या पुण्याच्या गुरुभगिनींचा रविवार आला. तुम्ही दोघी एका गुरूंकडे आठ वर्षं शेजारी बसून शिकलेल्या, आणि पंधरा वर्षं एकमेकींशी अबोला. लग्न करून दिल्लीला निघालात तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, 'तुझं गाणं आता संपलं', आणि ते शब्द तुमच्या मनातून जात नव्हते. तरी त्यांच्यावरचा कार्यक्रम लागणार हे कळल्यापासून तुम्ही तीन आठवडे त्याच्याबद्दलच बोलत होतात. त्यांचा षड्ज असा लागतो, की खोलीतल्या बायका आपोआप ताठ बसतात, वगैरे वगैरे. मी रविवारी बघितलं. पन्नाशी उलटलेल्या त्या, सुंदर बसलेल्या, आणि सूर लागेना. षड्जावर यायच्या आणि तो निसटायचा. दोन वेळा थांबून पाणी प्यायल्या. साथीदार खाली बघत होते. आणि अकराला मला तुमच्याकडे यायचं होतं. मी काय लिहिणार, सांगा? मी अर्धं पान लिहिलं. 'षड्ज तुम्ही सांगता तसाच लागला. फार छान झालं.' तुम्ही ते गॅस बंद करून, खुर्चीवर बसून वाचलंत. 'छान'वर काट मारली नाहीत. एकही प्रश्न विचारला नाहीत. पदर डोळ्यांना लावलात, आणि मग म्हणालात, "कपाटात एखादं कार्ड आहे का बघ गं."

पोस्टाच्या लाल पेटीत ते कार्ड मीच टाकलं. पुढच्या हिवाळ्यात त्या दिल्लीला आल्या आणि तुमच्या क्वार्टरमध्ये आठ दिवस राहिल्या. त्यांना इथली थंडी सोसेना. तुम्ही त्यांना काकांचे लोकरी मोजे घालायला दिले होते, आणि दोघी स्वयंपाकघरात मटार सोलत जुन्या बंदिशी आठवत बसायच्या. तुम्ही त्यांच्या उजव्या हाताला बसायचात, म्हणजे तुमचा डावा कान त्यांच्याकडे. तुम्हाला इतकं खळखळून हसताना मी त्याआधी बघितलं नव्हतं. मग त्या दर वर्षी यायला लागल्या. तोवर मी गाणं सोडलं होतं. मला गुडगावच्या नव्या ऑफिसात नोकरी लागली, रोज चार्टर्ड बस, दिवसभर एसी. तुम्ही पानिपतची लोकरी शाल दिलीत आणि वर तोंडावर सांगितलंत, "तुझा गळा बेताचाच होता. बरं झालं, लवकर सुटलीस." मी त्यावर वर्षभर फुगून बसले होते, आता हसू येतं. खरंच बेताचा होता.

आता माहितीपट. तुमच्या गुरुभगिनींवर एका तरुण मुलीने केला आहे, त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांत घरी जाऊन जाऊन. त्यात तो रविवारचा कार्यक्रम जसाच्या तसा दाखवला आहे, निसटणाऱ्या षड्जासकट. मी सोफ्यावर बसल्या बसल्या पाय वर घेतले. आणि त्यानंतर त्या तुमचं कार्ड हातात धरून बसल्या आहेत. चेहरा सुरकुतलेला, आवाज खणखणीत. म्हणतात, "त्या दिवशी मी वाईट गायले, मला माहीत होतं. लोकांनी फोन केले, तब्येत विचारली, गाण्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. मी गाणं बंदच करणार होते. मग हिचं हे कार्ड. 'तुझा षड्ज अजून तसाच लागतो.' अहो, माझा सूर हलला तर माझ्या आधी हिला कळायचं. हिला कळलं नसेल होय? पंधरा वर्षांचा राग गिळून हिनं माझी लाज राखली. मग मी कोण मोठी लागून गेले?"

सांगा आता. मी खरं सांगायला गेले तर काय होईल? तुम्ही राग गिळून लाज राखली नव्हती, तुम्हाला ते गाणं खरंच छान झालं असं वाटत होतं, कारण ते तुम्ही ऐकलंच नव्हतं. तुम्ही जन्मभर जपलेली गोष्ट उघडी पडणार, आणि तुमच्या गुरुभगिनी ज्या समाधानात गेल्या, त्यालाच मी नख लावणार. मी तर पुढे कधी ना कधी तुम्हाला कळलं असेल असंही धरून चालले आहे. आठ दिवस मटार सोलताना त्या कधीतरी बोलल्या असतीलच, की तेव्हा माझं वाईट झालं होतं गं. तेव्हा तुम्हाला माझी वही आठवली असेल का, माझ्याबद्दल काय वाटलं असेल, हे मला फार वेळा मनात यायचं. मला तुम्ही त्यावर एका शब्दाने बोलला नाहीत. तुम्ही एरवी मला बोलायची एकही संधी सोडत नव्हतात, म्हणून मी असं समजते की रागावला नव्हतात.

तर उद्याची नोंद मी अशी लिहिली आहे. 'पस्तिसाव्या मिनिटाला जे गाणं आहे ते चांगलं झालेलं नाही. सूर कुठे निसटतो ते नीट ऐका, साथीदारांकडे बघा, पुढे ढकलू नका. त्यानंतर एक पोस्टकार्ड दाखवतात. ते लिहिणाऱ्या बाई माझ्या गुरू होत्या, आणि अशा याद्या करायला मला त्यांनीच शिकवलं.' बस, एवढंच. गाण्याबद्दलचं खोटं सुधारलं, कार्डाला हात लावला नाही. ग्रुपवर उद्या हेच जाईल. हे जे तुम्हाला लिहिते आहे ते कुठेच जाणार नाही, माझ्याच फोनमध्ये राहील.

एक मात्र तुमच्यापाशी कबूल करते. मघापासून मी असं सांगते आहे, जसं काही तुमचं मन मोडू नये म्हणून मी ते अर्धं पान लिहिलं. तसं काही नव्हतं, बाई. वाईट झालं असं लिहिलं असतं, तर कुठे, कसं, का, हे दोन-तीन पानं लिहावं लागलं असतं, आणि वर तुमचे प्रश्न. त्याच महिन्यात आमच्या खालच्या घरी केबल आली होती आणि रविवारी साडेअकराला तिथे परदेशी गाण्यांचा कार्यक्रम लागायचा. तुमचं कार्ड पेटीत टाकून मी धावत गेले, तरी पहिलं गाणं चुकलंच.