दहा वाजताचं पीठ

प्रिय,

यापुढे काय लिहावं या विचारात माझा चहा गार झाला. सगळं जग तुला सिस्टर म्हणतं, ती सोय मला नाही. नाव लिहावं तर तुला वाटेल मी रागावलोय, कारण एरवी मी तुला नावाने हाक कधी मारतो? तेव्हा नुसतंच प्रिय. डेपोतल्या विश्रांतीच्या खोलीत बसून लिहितोय, पुढच्या फेरीला पाऊण तास आहे. फोन का नाही केला असं विचारशील. फोनवर तू मला मध्येच तोडतेस, आणि खरं सांगायचं तर फोनवर मी खोटं बोलतो. गेले नऊ महिने बोलत आलोय. कागदावर ते जमत नाही असं दिसतंय, कारण तीन कागद फाडून हा चौथा घेतलाय.

आधी कॅमेऱ्याचं सांगून टाकतो. माझ्या फोनचा कॅमेरा बिघडलेला नाही. कधीच बिघडला नव्हता. तुला आपलं घर, विशेषतः अण्णा, दिसू नयेत म्हणून मी ती थाप मारली आणि त्यात ते, तुझे वडील, स्वतः सामील होते. घाबरू नकोस. शेवट चांगला आहे. तूही पेशंटच्या नातेवाइकांना आधी तेच सांगतेस आणि मग बाकीचं, म्हणून मीही तसंच करतोय.

तू त्या नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला गेलीस तेव्हा मला वाटलं होतं, रोज हजार माणसं सुखरूप पोचवणाऱ्या ड्रायव्हरला घरच्या तीन माणसांना जेवू घालणं काय अवघड. पहिल्याच आठवड्यात नाकी नऊ आले. पहाटे पावणेपाचला घर सोडायचं, दुपारी तीनला परत, आणि मध्ये पोरांचे डबे, अण्णांचं जेवण, संध्याकाळचं काहीतरी. माझे बटाटे बाहेरून कोळसा आणि आतून कच्चे. भात एकदा लापशी, एकदा छर्रे. ठकीने एका रात्री ताटाकडे बघून शांतपणे विचारलं, "बाबा, हे खायचंय की पुरायचंय?" तेरा वर्षांच्या मुलीचं ते ताट मी उचलून ठेवलं. मग बाहेरून डबे मागवायला लागलो. जो तो भूक लागेल तेव्हा डबा उघडायचा. धाकटा टिल्लू टीव्हीसमोर, ठकी पुस्तकात डोकं घालून, मी ओट्याशी उभ्या उभ्या. आपल्या जेवणाच्या टेबलावर इस्त्रीचे कपडे साठले.

अण्णांचं ताट मात्र रोज रिकामं असायचं, म्हणून मी त्यांच्या बाबतीत निर्धास्त होतो. एक दिवस गाडी नादुरुस्त झाली आणि मी लवकर घरी आलो. बघतो तर अण्णा खिडकीशी उभे, आणि ताटातलं अन्न कुस्करून बाहेरच्या कठड्यावर घालताहेत. चिमण्या इतक्या सरावलेल्या, की मला बघून उडाल्यासुद्धा नाहीत. त्या दिवशी मी अण्णांकडे नीट पाहिलं. सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसत होता. आरोग्यकेंद्रातल्या काट्यावर एक्कावन्न किलो भरले. तू गेलीस तेव्हा अठ्ठावन्न होते. तपासण्या सगळ्या केल्या, कशातच काही निघालं नाही. परत येताना मी विचारलं, तर म्हणाले, "जावईबापू, तुमच्या हाताला दोष नाही. पण एकट्याने कोण जेवणार? घास गिळताना समोर कुणीतरी लागतं हो." आणि पुढे, "तिला कळवू नका. ती पहिल्या गाडीने येईल." मी कळवलं नाही. तू विचारलंस की अण्णा मजेत, असं म्हणत राहिलो. तू इतकी वर्षं माणसांच्या नाडीवर बोट ठेवून जगलीस, आणि तुझ्याच वडिलांची तब्येत मी तुझ्यापासून लपवली. याबद्दल तू मला जे काय बोलायचं ते बोल, मी मध्ये तोंड उघडणार नाही.

त्याच आठवड्यात अक्का आली, न कळवता. तुझ्या थोरल्या बहिणीचा स्वभाव तुला मी काय सांगू. तिने अण्णांना एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, फ्रीज उघडला, बंद केला, आणि टेबलावरचे कपडे बाजूला सारून खुर्चीत बसली. म्हणाली, "मी अण्णांना घेऊन जाते. आणि तिला आज फोन करून बोलावून घेते. पुरुषाच्या भरवशावर घर टाकून जायचं वेड तिलाच सुचू शकतं." मी गयावया केली. आयुष्यात तिच्यापुढे पहिल्यांदाच. अण्णा म्हणाले, "अक्के, तीन महिने थांब." ती थांबायला तयार झाली, पण बोट रोखून गेली. तीन महिन्यांनी येईन, जेवायला बसेन, अण्णांना काट्यावर उभं करेन, आणि मग काय ते ठरवेन.

आता ज्या बाईने आपलं घर वाचवलं तिच्याबद्दल सांगतो. माझ्या गाडीवरची कंडक्टरबाई. तीन मुलं एकटीने वाढवलीत, तीही आमच्यासारख्याच वेड्यावाकड्या पाळ्या करून. शेवटच्या थांब्यावर गाडी उभी असताना मी तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "तुम्ही रोज स्वयंपाक करता हीच चूक. आठवड्यातून दोनदा करायचा, बाकी दिवस नुसतं गरम करायचं. आणि ओव्हन आहे ना घरात? मग शेगडीपाशी कशाला उभे राहता?" ओव्हन होता की. घराबरोबर आलेला, ज्यात आपण इतकी वर्षं कढया आणि झाकणं कोंबली. तिने मला ड्यूटीच्या कागदामागे लिहून दिलं. बटाटे, गाजर, कांदा मोठे मोठे चिरून ट्रेमध्ये टाका, तेल, मीठ, मिरपूड चोळा, वर कोंबडीचे तुकडे ठेवा, पाऊण तास विसरून जा. रविवारी सूपचं मोठं पातेलं, डब्यांत भरून फ्रीझरमध्ये. आणि पाव घरचा करा, म्हणजे सूपबरोबर दुसरं काही लागत नाही. चार वाट्या पीठ, दीड वाटी कोमट पाणी, चमचाभर यीस्ट, चमचाभर मीठ, थोडी साखर.

ट्रे पहिल्याच दिवशी जमला. खरंच जमला. बटाट्यांना कडेने सोनेरी रंग आला होता आणि टिल्लूने ट्रेच्या कोपऱ्यातला खरपूस कांदा बोटाने खरवडून खाल्ला. पाव मात्र नाही. पाणी कोमट म्हणजे किती कोमट हे मला कळलं नाही, यीस्ट उकडून मेलं, आणि जो पाव झाला त्याने खिळा ठोकता आला असता. दुसऱ्यांदा मळायला बसलो तेव्हा अण्णा शेजारी येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "इकडे द्या. तुम्ही पिठाला स्टिअरिंगसारखं धरलंय."

तुला माहीत आहे, हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी घड्याळदुरुस्तीची हत्यारं पेटीत बंद केली आणि पेटी माळ्यावर टाकली. भरलेला कपसुद्धा कुणासमोर उचलत नाहीत. पण पिठाला त्या थरथरीचं काही देणंघेणं नाही. त्यांनी तळहाताने पीठ पुढे रेटलं, दुमडलं, फिरवलं, परत रेटलं. पंधरा मिनिटं. मी बाजूला उभा राहून बघत होतो. पिठाचा गोळा लहान बाळाच्या गालासारखा झाला. मग त्यांनी त्यावर ओलं फडकं घातलं, भिंतीवरच्या घड्याळात बघितलं आणि मला सांगितलं, "तीन वाजता दुप्पट झालं पाहिजे. नाही झालं तर पाणी चुकलं." तीन वाजता ते दुप्पट झालं होतं. पाणी अर्थात त्यांनी मनगटावर थेंब टाकून तपासलं होतं.

तेव्हापासून रोज सकाळी दहाला अण्णा पीठ मळतात. दहा म्हणजे दहा, नऊ अठ्ठावन्नला बाही दुमडायला सुरुवात. मी तीनला येतो, पाव ओव्हनमध्ये घालतो, आणि पोरं शाळेतून येतात तेव्हा जिन्यातच त्यांना वास लागतो. टिल्लूकडे बटाटे धुण्याचं खातं आहे. तो त्यांना अंघोळ घालतो असं म्हणतो, आणि अर्धी अंघोळ त्याचीच होते. ठकीने शनिवारचा केक स्वतःकडे घेतला. एकाच भांड्यात सगळं फेटायचा साधा केक, पण तिच्या हातून तो असा फुगतो की मला मत्सर वाटतो. आणि सात वाजता सगळ्यांनी टेबलावर बसायचं. हा नियम मी केला नाही. एक दिवस अण्णांनीच कपड्यांचा ढीग उचलून पलंगावर टाकला आणि चार ताटं मांडली. त्या रात्री त्यांनी दुसऱ्यांदा सूप मागितलं. मी वाढायला उठलो तर ठकी माझ्याआधी उठली.

काल रविवारी अक्का आली. सकाळपासून मला परीक्षेला बसल्यासारखं झालं होतं. दोन ट्रे, टोमॅटोचं सूप, अण्णांचे दोन पाव, ठकीचा संत्र्याचा केक. अक्काने पावाचा तुकडा तोडला, वास घेतला, खाल्ला. दुसरा तोडला. तिसऱ्याला लोणी लावलं. मग सूप. तू तिला ओळखतेस, ती स्तुती करत नाही, फक्त ताट पुढे सरकवते. तिने ते तीनदा सरकवलं. जेवणं झाल्यावर तिने पिशवीतून काटा काढला. हो, स्वतःच्या घरचा घेऊन आली होती, दुसऱ्या कुठल्या काट्यावर तिचा विश्वास नव्हता. अण्णा चपला काढून ऐटीत उभे राहिले. सत्तावन्न किलो. टिल्लूने टाळ्या वाजवल्या. अक्काने त्यांना उतरवून परत उभं केलं. सत्तावन्नच. तरीही तिने एकदा म्हणून बघितलं, "अण्णा, येता का माझ्याकडे चार महिने?" अण्णा म्हणाले, "येईन की. पण रविवारी दुपारचा येईन आणि संध्याकाळी परत. सकाळी दहाला मला काम असतं." अक्का निघताना दारात थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाण्याचं ते मनगटाचं मला लिहून द्या." असं वाटलं जिन्यावरून ओरडत खाली जावं आणि वर यावं. गेलो नाही, पण भांडी घासताना मी शीळ घालत होतो, असं ठकी म्हणते.

आणि दारातच अक्काने मला आणखी एक गोष्ट सांगितली, जी तू मला सांगितली नाहीस. तुझा अभ्यासक्रम संपल्यावर तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तुला आणखी एक वर्ष थांबायला सांगितलंय. हृदयाच्या ऑपरेशनच्या खोलीतल्या नव्या नर्सना शिकवायला. आणि घराचं कारण देऊन तू नाही म्हणणार आहेस. खरं तर मी मघापासून हेच लिहायला बसलोय, बाकीचं सगळं वाटेत आलं. सात वर्षांपूर्वी याच अभ्यासक्रमाचं पत्र तुला आलं होतं. मी विचारलं होतं, "आणि घर कोण बघणार?" पत्राची घडी घातलीस आणि स्वयंपाकाला लागलीस. मी ते जेवलो, पोटभर जेवलो, आणि दुसऱ्या दिवशी विसरलो. तू विसरली नसशील. तो प्रश्न मी परत घेतोय, माफी मागून. घर आम्ही बघतोय, चौघं मिळून, आणि बरं बघतोय. अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, तिला सांगा, माझी काळजी करायची तर येऊन माझा पाव खा आणि परत जा. महिन्यातून एकदा तू ये, नाहीतर आम्ही येऊ, पाव बांधून. उत्तर तुला शुक्रवारपर्यंत द्यायचंय असं कळलं. हे पत्र बुधवारी पोचेल, टपालवाल्याकडून खात्री करून घेतलीय. हो म्हण. एवढंच लिहायचं होतं. हो म्हण, आणि मग मला फोन कर, कॅमेरा लावून.

तुझाच