'समजते'चा अर्थ

सोम., ७ जुलै
हडपसरच्या कंपनीत तिसरा दिवस. आमच्या दैनिकाचे जुने अंक इथे कॉम्प्युटरवर चढवतायत. जुन्या बातम्यांची भाषा इथल्या पोरांना कळेना, म्हणून मला बोलावलंय. पस्तीस वर्षं डेस्कवर बातम्या तपासल्या, त्याचा हा उपयोग. खुर्ची उत्तम. चहा मशीनचा, त्याबद्दल न बोललेलं बरं. माझी साहेब मीनल, वय तिशीच्या आत. 'काका' म्हणते, पण कामात सूट नाही.

मंगळ., ८
मीनलचा तक्ता. पहिल्या रकान्यात शब्द, दुसऱ्यात मी अर्थ लिहायचा, तिसऱ्यात अर्थ देणाऱ्याचं नाव. 'प्रतिनिधी' म्हणजे पगारी माणूस, 'वार्ताहर' म्हणजे गावचा, बिनपगारी. तिला गंमत वाटली.
"काका, 'असे कळते' आणि 'असे समजते' एकच ना?"
"छे! कळते म्हणजे कोणीतरी सांगितलं. समजते म्हणजे पक्क्या माणसाने सांगितलं, फक्त त्याचं नाव छापायचं नाही."
"म्हणजे खरंच असायचं?"
"अगं, शंका असती तर छापलं असतं का आम्ही?"
बोलताना बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी ऐकत होतं.

गुरु., १०
मीनल काल आली नाही. आज आली. जेवणाच्या सुट्टीत एक प्रिंट माझ्यासमोर ठेवली. पान तीन, तळाची बातमी. लोणी काळभोर (वार्ताहर): दहावीच्या गणिताची प्रश्नपत्रिका शाळेतल्याच एका शिक्षकाच्या घरून फुटल्याचे समजते.
"शाळेत गणिताला एकच शिक्षक होते. माझे बाबा."
या बातमीनंतर त्यांनी गाव सोडलं. हडपसरला शिकवण्या घेत राहिले. मी नाही केलं, एवढंच सांगायचे. मीनल ते खरं मानत आली.
"परवा तुम्ही म्हणालात, समजते म्हणजे पक्कं. घरी जाऊन मी बाबांना विचारलं, अजून किती दिवस खोटं बोलणार? ते दोन दिवस जेवलेले नाहीत."
बघतो, म्हटलं. काय बघतो, कप्पाळ!
बातमीचा मथळा: 'प्रश्नपत्रिकेला फुटले पाय'. मथळा माझा. संपादकांनी शाबासकी दिली होती.

शुक्र., ११
रजा. सौ.ला सांगितलं, पोट बिघडलंय. मग मंडईत जाऊन भाजी आणली. "अहो, पोट बिघडलेला माणूस वांगी आणतो?"
सगळं आठवतंय. लोणीच्या वार्ताहराचं पाकीट एसटीच्या कंडक्टरबरोबर यायचं. त्याने लिहिलं होतं, 'गावात बोलले जाते'. आमच्याकडे 'बोलले जाते' छापत नसत. चौकशी करा, नाहीतर बातमी टाकून द्या, असा नियम. पण ऐनवेळी एक जाहिरात रद्द झाली, तळाला आठ ओळी रिकाम्या. चौकशीला वेळ कुठला? तांबडी पेन्सिल घेतली, 'बोलले जाते' खोडलं, 'समजते' केलं. सगळेच करायचे. डेस्कवर त्याला दुरुस्ती म्हणत.
त्या मास्तरांचं पुढे काय झालं, हे एकदाही मनात आलं नाही. त्याचीच जास्त लाज वाटते.

शनि., १२
सौ.ला सांगून टाकलं. पोळी लाटता लाटता ऐकलं.
"मग त्या मुलीला सांगा."
"काम जाईल."
"तुमची नोकरी केव्हाच संपली. ही हौस आहे."


सोम., १४
तक्ता उघडला. 'समजते'समोर माझाच अर्थ. पुसला. नवा लिहिला: 'कोणी सांगितलं, माहीत नाही. खरं की खोटं, माहीत नाही. जागा भरायची होती.' खाली: 'लोणीची प्रश्नपत्रिकेची बातमी अशीच. मूळ शब्द, बोलले जाते. बदल मी केला.' तिसऱ्या रकान्यात नाव, आडनावासकट.
साडेतीनला मीनलला पाठवला. चार टेबलं पलीकडे बसते. उठून तोंडाने सांगायला हवं होतं. नाही जमलं.
चहाची सुट्टी होऊन गेली. ती स्क्रीनकडे बघत बसलेली, पाठ माझ्याकडे. काय वाचत होती, इथून दिसेना.
पाचला तिने फोन उचलला. "बाबा, जेवलात का?" एवढंच ऐकू आलं. मग तिने आवाज खाली घेतला.
फोन ठेवला. अजून माझ्याकडे वळलेली नाही. साडेपाचची बस गेली. मी बसून आहे.