थापेमागचं टक्

बारामती, २ एप्रिल १९९८

ती. नाना यांस,
बुद्धघोषचा सविनय जयभीम. वहिनींनाही सांगा.

जानेवारीत आलात तेव्हा विचारलंत, दिवसभर खोलीत करतोस काय. तर या हातांनी केलं ते लिहितो. तीन ट्रान्सफॉर्मर गुंडाळले, वेढे मोजून. एकाचे अकराशे चाळीस, एकही कमीजास्त नाही. मोडक्या कपाटाच्या फळ्यांचे दोन स्पीकर. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चार माइकचा मिक्सर. शाळा नववी, गुरू कोणी नाही.

आता जुना जपानी सॅम्पलर घेतला. दिसायला कीबोर्डच, पण माइकमधून दिलेला आवाज धरून ठेवतो आणि पट्टी दाबली की तोच ऐकवतो. जानेवारीत कॅसेटवर भरून घेतलेल्या तुमच्या ढोलकीच्या नऊ थापा त्यात आहेत. नुसतं धरून भागत नाही, घडवावं लागतं. आवाज किती झटकन चढायचा, कुठवर उतरायचा, किती टिकायचा, पट्टी सोडल्यावर कसा विरायचा, याची चार बटणं. शिवाय फिल्टर, म्हणजे चाळण: थाप पडताना उघडते, मग मिटत जाते. सुरुवात खणखणीत, शेवट मऊ. तुमच्या प्रत्येक थापेमागं बारीक 'टक्' येत होतं, काठावर काहीतरी लागल्यासारखं. तो दोष. त्याच्या आधीच आवाज उतरवला. फ्लॉपीत जागा कमी, म्हणून मागची शेपटी कापूनच टाकली. मूळ कॅसेटवर आता दुसरंच भरलंय.

बावड्याच्या जयंती मंडळानं यंदा मला बोलावलंय. सत्तावीस वर्षं वाजवून दमलात. यंदा पुढं खुर्ची टाकून बसा नि स्वतःलाच ऐका. चूक सापडली तर कळवा. सापडायची नाही!

माया आहे तशीच असू द्या.
आपला,
बुद्धघोष


बावडा, १७ एप्रिल १९९८

चि. बुद्धघोष यास,
नानाचा जयभीम.

तू म्हणलास तसा खुर्ची टाकून बसलो. शेजारी आप्पा व्हता. म्हणला, नाना, तुमी हितं नि तुमची ढोलकी तितं, ह्ये कसं वो? लोकं हसली. मीबी हसलो.

आवाज लई गोड हाय. दोन तासांत एक थाप इकडची तिकडं झाली न्हाय. तवाच वळखलं, ह्यो मी न्हाय.

ते टक् कशाचं, ह्ये तू इचारलं न्हाईस. मी सांगतो. तू आठ वर्साचा व्हतास. कुट्टीच्या मशिनीत वैरणीसंगं तुझा पंजा चालला व्हता. तुझा वढून काढला, माझ्या बोटाचं पेर आत ऱ्हायलं. त्या थोटकाचं हाड काठाला लागतं. त्येला मी कधी दोष म्हणलो न्हाय.

तुझी धाच्या धा बोटं शाबूत हायती, म्हणून डबं न् ट्रान्सफॉर्मर झालं. चांगलं झालं.

फुडल्या वर्सीबी कीबोर्डच, म्हणून मंडळवाल्यांनी सांगितलंय. ढोलकीची दोरी सोडून शेरडाला बांधली. नुसतं लाकडी खोड परड्यात पडलंय. तुझी वहिनी माझ्यासंगं बोलंना झालीया.

तुझी खुशाली कळव.
नाना


बारामती, २९ एप्रिल १९९८

ती. नाना यांस,
सविनय जयभीम.

माफी मागायची सवय मला नाही, ठाऊक आहे तुम्हाला. म्हणून जे केलं ते लिहितो.

कापलेली शेपटी परत येत नाही. चारही बटणं फिरवली, फिल्टर पुरता उघडला. आत नाहीच, ते बाहेर कुठून येणार? मग माझ्या बोटानं, चमच्याच्या दांड्यानं, खिळ्याच्या डोक्यानं टक् भरून पाहिलं. सदतीस वेळा. थाप एका माणसाची वाटते नि टक् दुसऱ्याचं.

रविवारी नवी दोरी नि ढोलकीच्या कातडी पुड्या घेऊन आलो होतो. वहिनींनी चहा दिला. तुम्ही रानातून याल म्हणून थांबलो, पण आला नाहीत; शेवटची एसटी गाठायची म्हणून उठलो. तुम्ही बांधावरच बसून होतात, हे मला आप्पानं स्टँडवर सांगितलं. सामान दाराच्या खुंटीला आहे. ही दोरीही शेरडाला बांधायची तर बांधा.

रागावलात तरी पत्र टाका.
आपला,
बुद्धघोष

ता. क. पुण्याचा एक कॅसेटवाला आला होता. त्याला ती फ्लॉपी हवी होती, आणि कव्हरवर 'ढोलकी: बुद्धघोष' असं छापायचं होतं. नाही म्हणालो. एकवीस हजार देत होता.