बैठका चालू आहेत

६ ऑक्टोबर
आजपासून शिस्त. गेल्या वर्षी निगडी-लोणावळा राइडमधून मी वडगावहून टेम्पोने परत आलो. टेम्पोत सायकल धरून बसलेला माझा फोटो कंपनीच्या ग्रुपचा डीपी आहे. अजून तोच. या वर्षी तो बदलायचाच.
भरपूर वाचलं. नुसतं पेडल मारून भागत नाही, मांड्यांत ताकद हवी. म्हणून सायकल बंद, बैठका सुरू.

८ ऑक्टोबर
जिमचा ट्रेनर सनी म्हणतो, भाऊ, जोडीला सायकलपण चालवा. वाचन कमी पडतं पोराचं. दहा बैठका मारल्या, शेवटच्या दोन मनातल्या मनात.

९ ऑक्टोबर
पाय हलत नाहीत. त्यात सोसायटीची लिफ्ट बंद. माझी बायको मैत्री पाण्याचा कॅन तिसऱ्या मजल्यावर आणत होती, म्हणाली हात लावा. मी समजावलं, स्नायू विश्रांतीतच वाढतात, माझी रिकव्हरी चालू आहे. ती कॅन खांद्यावर घेऊन वर गेली. तिला पटलं असावं.

१७ ऑक्टोबर
रिकव्हरी चालू. लातूरहून आईचा फोन. म्हटलं, बैठका चालू आहेत. खोटं नाही, प्लॅनमध्ये आहेत.

२४ ऑक्टोबर
लिफ्ट बंदच. मैत्री हल्ली माझीच सायकल घेऊन निगडीला शाळेत शिकवायला जाते. बरंय, चेन गंजणार नाही. नुसती सायकल चालवून काही होत नसतं, पण तिला कोण सांगणार.
झोप लागत नाही. सारखा ग्रुप उघडून डीपी बघतो.

२ नोव्हेंबर
आई पेढे घेऊन हजर. रोज बैठका म्हंजी लेकरू सायब झालं, असं अख्ख्या गल्लीत सांगून आलीय. खरं सांगायला तोंड उघडलं, तिने त्यात पेढा घातला.

८ नोव्हेंबर
उद्या राइड. राहिलेल्या सगळ्या बैठका आज एकदम मारल्या. सनीने हात जोडले. मी तयार आहे.

९ नोव्हेंबर, पहाटे
कमोडवर बसलो, उठता येईना. मैत्रीने काखेत हात घालून उभं केलं. मग नोंदवलेलं नाव वाया नको म्हणत माझं हेल्मेट स्वतःच्या डोक्यावर चढवलं.

त्याच दिवशी, दुपारी
डीपी बदलला. लोणावळ्यात मैत्री, घामाघूम, हसतेय. आनंद झाला. मग फार वाईट वाटलं. पण मुद्दा माझाच खरा ठरला, ताकदीचा फायदा होतो.

१० नोव्हेंबर
आज मैत्रीची रिकव्हरी. कॅन आणायला मी गेलो. आता दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसून मोबाइलवर हे लिहितोय, कॅन शेजारी. वर दारात आई फोनवर कुणाला तरी सांगतेय, भूषण बैठकीत हाय.