सतारीची ओटी

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागवायचं म्हटलं तरी आधी तुमचा चेहरा आठवावा लागतो. या पौषात मात्र तो लख्ख आठवला. म्हशाच्या जत्रेत बैल बघायला आपल्या शेणव्याचा गाडीवाला काका आला होता, तोच, जो तुम्हाला शाळेच्या कामासाठी शहापूरला घेऊन जायचा. परत जाताना मुरबाडला माझ्या घरी टेकला. आता तोही म्हातारा झालाय, चहाची बशी दोन्ही हातांनी धरतो. आई तेव्हा ओढ्यावर गेली होती. काका पडवीत बसून तुमचं कौतुक करत होता आणि कौतुकाच्या भरात असं काही बोलून गेला की मी उठून आत गेले आणि उगाच चुलीतली लाकडं पुढंमागं करत बसले. तो काय बोलला ते सांगतेच. पण आधी सतारीचं सांगते, कारण ते तुम्ही सोयीनं विसरला असाल.

सतार तुमची. मास्तरकीचं शिक्षण घ्यायला पुण्याला होतात तेव्हा तुम्ही ती शिकलात, आणि शेणव्याच्या शाळेवर नेमणूक झाली तेव्हा तुमच्या ट्रंकेआधी ती घरात आली, असं आई सांगते. भाताशिवाय दुसरं काही न पिकणाऱ्या गावात मास्तरांच्या घरी सतार म्हणजे नवलच. मी परकरी असताना तुम्ही मला शिकवायला बसवलंत, मागच्या पडवीत, दार लावून. दार कशाला लावायचं विचारलं तर म्हणालात, "गुरं येतात आत." मागच्या बाजूला गुरं कुणाचीच नव्हती. पण खोटं कशाला बोलू, शिकवायचात जीव लावून. माझ्या बोटाला बसेल अशी छोटी नखी तुम्ही कुठूनशी मिळवून आणली होतीत. बोटं सोलली की स्वतःच्या हातानं खोबरेल लावायचात. आणि रोज एकच ताकीद, "भोपळा म्हणजे शेवटी फळच आहे, वाळलेलं. त्याला दणका सोसत नाही. सतार कधी कुणाच्या हाती द्यायची नाही, अगदी देवाच्यासुद्धा." मी मान डोलवायची. तुमचा प्रत्येक शब्द मला तेव्हा खराच वाटायचा.

मग एका उन्हाळ्यात गळ्याचा सांधा सुटायला लागला. तार चढवली की दांडी पुढं झुकायची आणि सूर उतरायचा. मिरजेच्या कारागिरांकडे नेल्याशिवाय गत्यंतर नाही, असं तुम्हीच म्हणालात. "दिवाळीच्या सुट्टीत मी स्वतः घेऊन जाईन, मांडीवरून खाली ठेवणार नाही." तेव्हापासून मी दिवाळीची वाट बघत होते, फराळासाठी नव्हे. आणि ऐन नवरात्रात पाटलांनी शाळेच्या ओसरीवर चारचौघांत तुम्हाला विचारलं, "काय मास्तर, पोरीला सतार शिकवता म्हनं. पायात चाळ कधी बांधायचं?" सगळे हसले. हे मला ठाऊक आहे, कारण त्या दिवशी जेवताना तुम्ही भाताचा घास हातात तसाच धरून आईला ते सांगत होतात आणि वाढायला मी होते. तुम्ही पाटलाला काय उत्तर दिलंत, ते काही बोलला नाहीत. दिलं असतंत तर आम्हाला चारदा ऐकवलं असतंत.

दुसऱ्याच दिवशी बेत बदलला. आता सतार पार्सलनं जाणार. रेल्वेवाले काय कमी माल नेतात, हातात न्यायची ती काय हौस, वगैरे. आई शाळेत गेलेली नव्हती, पण तिला माणूस वाचता यायचा. ती म्हणाली, "तुमीच न्या मांडीवर. आसनगावच्या टेशनापरत गाडीत चादर टाकून झाकून न्या, मंग कोन बघतंय?" त्यावर तुम्ही केवढ्यानं ओरडलात! "मी काय तमासगीर आहे, खांद्याला सतार लावून शहापूरच्या पेठेतून मिरवायला?" आई ताटं उचलायला लागली. मीही. घरात सतार वाजवायची तुम्हाला लाज नव्हती, नेताना कुणी बघेल याची होती.

तरी पेटी तुम्ही मन लावून भरलीत, हे कबूल. सुताराकडून आंब्याच्या फळ्यांची लांबोडकी पेटी करून घेतलीत. आधी सगळ्या तारा सैल केल्यात, ताणलेल्या तारांनी प्रवासात गळा उखडतो म्हणून. दांडीला जुनं धोतर गुंडाळलंत, भोपळ्याखाली आणि भोवती कोरडा पेंढा दाबून दाबून बसवलात. मी शेजारी उकिडवी बसून पेंढा देत होते. तेवढ्यात आई ताट घेऊन आली. ताटात हिरवा खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि नारळ. म्हणाली, "पयल्यांदाच घराभायेर चाललीय. रिकामी कशी जाईल?" तिनं सतारीला हळदकुंकू लावलं आणि ओटी भरली, लेक सासरी निघाल्यावर भरतात तशी. नारळ भोपळ्याच्या कुशीत पेंढ्यात खोचला. तुम्ही बघत होतात. झाकण ठेवलंत आणि खिळे ठोकलेत. पहाटे गाडीवाला काका आला, पेटी गाडीत चढली, तुम्ही त्याच्या शेजारी बसलात, आणि आई अंगणात उभी राहून, गाडी दिसेनाशी झाली तरी तिकडंच बघत होती.

पेटी परत आली ती संक्रांत होऊन गेल्यावर. तुम्ही झाकण उचकटलंत. मी वाकले. भोपळ्याचे तुकडे झाले होते, घरात मडकं पडून फुटतं तसे. दांडी अखंड होती, गळ्यापासून निराळी झालेली. पेंढ्यात तांदळाचे दाणे विखुरले होते, खण चुरगळून एका कोपऱ्यात होता, नारळ नव्हता. मी रडायच्या आतच तुम्ही बोललात. आईकडे न बघता बोललात. "मिरजेच्या कारागिरानं कळवलंय. नारळ सुटला आणि गाडीच्या हिसक्यांनी भोपळ्यावर आपटत राहिला. नारळाशिवाय काही अडलं होतं का?" आई खाली बसली. तिनं एक तुकडा हातात घेतला, पदरानं पुसला, परत ठेवला. मी तेव्हा तिच्याकडे रागानं बघितलं होतं, अण्णा. मला तरी कारण होतं. माझी सतार गेली होती आणि ती का गेली, ते तुम्ही मला सांगितलं होतंत. तुमच्या तोंडावर मात्र मला दुःखाबरोबर आणखी काहीतरी दिसलं होतं आणि तेव्हा ते ओळखता आलं नाही. आता ओळखते. ब्याद टळली, असं होतं ते.

त्या दिवसानंतर आईनं कुणाची ओटी भरली नाही. हे तुम्ही बघितलंत. शेजारची गरोदर सून पाया पडायला आली की आई आळीतल्या काकूला हाक मारायची, "तू भर गो हिची." चैत्रात हळदीकुंकू झालं तर ती पन्हं द्यायची, हरभरे वाटायची, ओटीच्या ताटाला हात लावायची नाही. बायका विचारायच्या, मग विचारेनाशा झाल्या. वर्षभरानं माझं लग्न ठरलं. निघायच्या वेळी मी अंगणात पाटावर बसलेय, पदर पसरलाय, आणि आई ताट घेऊन येते ती थेट काकूजवळ जाते. "माझा हात नको गो हिच्या ओटीला. मी दिलेलं मोडतं." काकूनं ओटी भरली. मी आईच्या तोंडाकडे बघत होते आणि ती जमिनीकडे. तुम्ही हाताच्या अंतरावर उभे होतात. बैलांच्या गळ्यातली घुंगरं नीट करत होतात. ऐकलंत ना? ऐकलंतच. मान वर केली नाहीत.

आता काका काय म्हणाला ते ऐका. त्याच्याच शब्दांत सांगते, म्हणजे मी पदरचं घातलं असं व्हायला नको. "मास्तर लय मोठ्या मनाचा मानूस, बाय. ती सतार न्हेली ना आमी आसनगावला, तवा शहापूरच्या आलीकडं मास्तरांनी गाडी थांबवली. झाकन काढलं, आतला नारळ काढला. म्हनले, हा आत राहिला तर घात व्हईल, बायकांना काय कळतं. पुन्ना खिळं ठोकलं आनि नारळ मलाच दिला. म्हनले, घरी ने, पोरांना दे." मी विचारलं, मग पुढं? काका म्हणाला, "टेशनात पाटलाची मानसं हुबी व्हती, भाताची पोती चढवत. हमालानं इचारलं, काय हाय पेटीत? मास्तर म्हनले, शेतीची अवजारं. मी हळूच बोललो, मास्तर, सांगा त्याला वाद्य हाय म्हून. तर म्हनले, तू गप रे. मंग त्यानं फेकली पेटी आत, वर चार पोती टाकली. अवजारांना काय व्हतंय?" आणि काका हसला. त्याला वाटलं, मलाही हसू येईल.

नारळ काढलात ते बरोबरच केलंत, अण्णा. त्याचा राग नाही मला. घरीच काढला असतात, आईला दोन शब्द बोलला असतात, तर ती दोन दिवस रुसली असती आणि विसरली असती. पण तोंडावर बोलायची तुमची रीतच नव्हती. आईपुढं गप्प, पाटलापुढं गप्प, आणि पाटलाच्या हमालांपुढं तर सतारीला नांगर करून मोकळे! तेही सोडून देईन मी. माणूस भितो, लाजतो. पण पेटी फुटून आल्यावर, तो नारळ काकाच्या पोरांनी कधीच खाऊन संपवलेला असताना, तुम्ही त्याच नारळाचं खापर आईच्या डोक्यावर फोडलंत आणि करून सवरून नामानिराळे राहिलात. कारागिराचा निरोपही तुम्हीच रचलात. तिच्या सवाशिणपणाची उरलेली वर्षं तिनं ओटीचं ताट दुसरीच्या हातात दिलं, आणि मग तुम्ही गेलात, आणि विधवेला तो मान तसाही राहत नाही. जेवढी वर्षं तिची होती, तेवढीही तुम्ही तिला मिळू दिली नाहीत. माझी ओटी तिच्या हातची व्हायला हवी होती. ती आता कुठून आणू?

आईला सांगावं की नाही, यात माझे बरेच दिवस गेले. मुलगा नाही, म्हणून लेकीच्या घरी राहते, याचंच ओझं ती अजून उतरू देत नाही. त्यात हे. शेवटी काल दुपारी सांगितलं. आम्ही दोघी स्वयंपाकघरात भिजलेले वाल सोलत होतो. मी सगळं सांगितलं, नारळापासून भाताच्या पोत्यांपर्यंत. तिची बोटं थांबली नाहीत. मूठभर वाल सोलून झाले आणि म्हणाली, "म्हंजे सतार रिकाम्या ओटीनं गेली." मी म्हटलं, "आई, अगं हमालांनी फेकली, वर पोती टाकली, म्हणून फुटली." ती म्हणाली, "नाय गो. ओटीतला नारळ वाटंत काढून घेतला. मंग मोडंल नाय तर काय?" मी पुन्हा समजवायला गेले तर तिनं हातानं थांबवलं. वरवर बघता तिला बरंच वाटलेलं दिसलं. मी मनात म्हटलं, जाऊ दे, कसं का होईना, तिच्या डोक्यावरचं उतरलं. मग वालाची टोपली बाजूला सारून तिनं मला विचारलं, "तुझी वटी भरली तवा ते तिथंच हुबे व्हते ना?" मी हो म्हटलं. ती उठली. बिरडं तिनंच फोडणीला टाकलं आणि ते नेहमीसारखंच झालं.

आज सकाळपासून मी हे लिहायला बसलेय. पत्र कुठं टाकायचं हा प्रश्नच नाही, पाणी तापवायच्या चुलीत जाईल. तुम्हाला चार गोष्टी सुनावायच्या होत्या, त्या सुनावून झाल्या, आणि आता हात थांबत नाही म्हणून एक शेवटची सांगते. शाळेनं काढलेला तुमचा फोटो आई इकडं येताना लुगड्यात गुंडाळून घेऊन आली होती. देवघराशेजारी टांगलाय. तुम्ही गेल्यापासून रोज आंघोळ झाली की ती त्याला एक फूल वाहते, तापानं फणफणलेली असली तरी. आज तिनं देवाला फुलं वाहिली, तुळशीला पाणी घातलं, आणि फोटोवरून नजरसुद्धा न फिरवता कांदे चिरायला बसली. मी दुपारपर्यंत वाट बघितली. वाटलं, विसरली असेल. विसरली नव्हती. मग ती अंगणात गेली तेव्हा मी परसातलं तगरीचं फूल तोडून आणलं आणि फोटोला वाहिलं. पाया मात्र पडले नाही.